मी वडिलांची सालदार होते

वयाच्या पाचव्या वर्षी मी सालदार झाले. तोंडी बोलीवर नाही, चांगली कागदावर, अंगठ्यासकट. मालक माझे वडील. हे कुणाला सांगितलं की समोरचा आधी हसतो आणि मग माझ्याकडे जरा दयेनं बघतो. दयेची काही गरज नाही. गुरं मी एक दिवस राखली नाहीत आणि बैलाच्या शेपटीला कधी हात लावला नाही. तरी मी नऊ वर्षं सालदार होते.

खानदेशाबाहेरच्यांसाठी सांगते. आमच्याकडे शेतावर वर्षाच्या बोलीनं जो गडी ठेवतात तो सालदार. त्याचं साल आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला सुरू होतं आणि पुढच्या आखाजीला संपतं. दाणे किती, कपडे किती, पायात काय, सुट्टी किती, हे त्याच सुमाराला ठरतं. आईचे चुलते, ज्यांना सगळं गाव आबा म्हणायचं, ते अशा चिठ्ठ्या लिहून देण्यात वाकबगार. अक्षर मोत्यासारखं, पण तीस वर्षांत त्यांनी सालदारांच्या चिठ्ठ्यांखेरीज दुसरं काही लिहिलं नव्हतं.

माझी आई सोनगीरजवळच्या एका गावची. वडील रावेरकडचे, तापीच्या पल्याडचे, केळीवाले. आई बोलायला लागली की थांबायची नाही आणि वडील घुम्मे. तिच्या दहा वाक्यांना त्यांचा एक हुंकार, तोही नशिबात असला तर. नक्की कशावरून बिनसलं ते मला दोघांनी कधी सांगितलं नाही. मी पाच वर्षांची असताना आई मला कडेवर आणि शिवणयंत्र एसटीच्या टपावर घेऊन माहेरी आली, ती आलीच. वडील न्यायला आले नाहीत. आले असते तर ती गेली असती का, हाही प्रश्न आहे.

मग पोरीच्या पोटापाण्याचं काय, हे ठरवायला बैठक बसली. दोन्हीकडची मंडळी एकमेकांच्या गावी पाऊल ठेवायला तयार नव्हती, म्हणून मध्यावरचं पारोळं ठरलं. पारोळं काही मध्यावर नाही. वडिलांना ते दुप्पट लांब पडायचं. पण ते बोलले नाहीत, म्हणून ते मध्यावर आहे असं सगळ्यांनी धरून चालायचं ठरलं. किल्ल्याच्या खंदकासमोर एक चहाचं दुकान होतं, त्याच्या बाहेर समोरासमोर दोन बाकं. एका बाकावर आई, आबा आणि मी. दुसऱ्यावर वडील आणि त्यांचे चुलते, नाना. आखाजीचा दुसरा दिवस होता. आबांना घरी जाऊन चार सालदारांच्या चिठ्ठ्या लिहायच्या होत्या, त्यामुळे त्यांची घाई चाललेली.

"आते पोरनं काय लिखू?" आबांनी विचारलं.

"जे सालदाराचं लिहिता तेच लिहा ना," नाना म्हणाले. "दाने, कपडे, जोडा. पोट तं पोटच हाये."

दोन्ही म्हाताऱ्यांना हे एकदम पटलं. आबांनी तोंडपाठ असलेली चिठ्ठी झरझर उतरवली, फक्त नावाच्या जागी माझं नाव घातलं. वर्षाला दोन पोती दादर, म्हणजे आमच्याकडची रब्बीची ज्वारी. दोन धोतरं, दोन बंड्या. गड्याच्या मापाचा एक जोडा. एक घोंगडी. वर्षाला आठ दिवस सुट्टी. बैल हाकताना इजा झाल्यास मालक जबाबदार. साल अर्धवट टाकून पळून गेल्यास दाणे परत. बिडी-तंबाखू सालदाराने आपली आपण करावी. हे शेवटचं कलम मी आजतागायत पाळलं आहे.

खाली माझा अंगठा घेतला. शाई जांभळी होती आणि दोन दिवस निघाली नाही. मला तेव्हा फार मोठी झाल्यासारखं वाटलं.

बाकी कलमांचं काय करायचं हे सगळ्यांना कळत होतं. घोटाळा झाला तो सुट्टीचा. सालदाराला सुट्टी घरी जायला असते. मी तर घरीच, आईजवळ. मग सुट्टीत मी जायचं कुठे? नानांनी डोकं खाजवलं आणि म्हणाले, मालकाकडे. असं म्हणून त्यांनी अख्खी सालदारकी उलटी करून टाकली. वर्षभर मी आईकडे कामावर आणि आठ दिवस वडिलांकडे रजेवर. आई काही बोलणार होती, पण आबांनी चिठ्ठीची घडी घातलीसुद्धा. आठ दिवस मला वडील मिळाले ते म्हाताऱ्यांच्या घाईमुळे, हे मी विसरलेले नाही.

पुढच्या वर्षी आखाजीच्या दुसऱ्या दिवशी वडील जळगावच्या गाडीनं आले. गाडीच्या टपावरून दोन पोती दादर उतरली, पाठोपाठ धोतरं, बंड्या, टायरच्या तळाचा भला थोरला जोडा आणि काळी घोंगडी. त्या जोड्यात मी दोन्ही पाय एकदम घालून उभी राहिले असते. हे झाल्यावर वडिलांनी पिशवीतून हळूच एक लाल झालरीचा फ्रॉक काढला आणि दोन बाकांच्या मध्ये धरला. मी उठलेच होते. आईनं माझा दंड धरला आणि आबांकडे बघत, म्हणजे वडिलांना ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाली, "त्यासले सांगा, कागदमा नही शे."

वडिलांनी फ्रॉक परत पिशवीत घातला. त्यानंतर त्यांनी कागदाबाहेरची एक काडी कधी आणली नाही. आणि कागदातली एक काडी कधी चुकवली नाही.

त्यामुळे आमच्या घरात वर्षागणिक एक घोंगडी वाढत गेली. मे महिन्यात आमच्या पत्र्यावर पापड भाजून निघावा असं ऊन, आणि आमच्याकडे घोंगड्या. धोतरं फाडून आई माझे परकर शिवायची. बंड्या आबांच्या अंगावर जायच्या. जोडे आबांच्या खऱ्याखुऱ्या सालदाराला मिळायचे. तो गडी वर्षानुवर्षं माझ्या हक्काच्या जोड्यांवर चालला आणि भेटला की मला रामराम घालायचा. आई तोवर बालवाडीत शिकवायला लागली होती. तिनं घोंगड्या तिकडे नेल्या. आमच्या गावातली तीन-चार वर्षांची पोरं माझ्या बापाच्या घोंगड्यांवर बसून बाराखडी शिकली, आणि काहींनी त्यांवर आणखीही बरंच काही केलं.

मी मात्र कागद फार मनावर घेतला होता. आईशी भांडण झालं की इतर मुली घर सोडून जाण्याची धमकी देत. मला ती सोय नव्हती. साल अर्धवट टाकून पळाले असते तर दोन पोती दादर परत करावी लागली असती, आणि ती आम्ही खाऊन बसलेलो. मी कोपऱ्यात बसून रडायचे आणि आखाजीला किती दिवस राहिले ते मोजायचे.

आखाजी माझ्या मैत्रिणींना झोक्यासाठी आणि आमरसासाठी आवडायची. मला त्या आठ दिवसांसाठी. पारोळ्याहून मी थेट वडिलांबरोबर जळगावच्या गाडीत बसायचे, तिथून पुढच्या गाडीत. केळीच्या बागेत मे महिन्यातही पायाखाली ओल असते. वडील पुढे चालायचे, मी त्यांच्या पावलांत पाऊल टाकत मागे. जेवण शेजारच्या काकूकडून यायचं. वडिलांनी दुसरं लग्न केलं नव्हतं. दिवसभरात ते दहा-बारा शब्द बोलायचे, पण ते सगळे माझ्याशी. केळीच्या गाडीवर मला वर बसवायचे आणि कासरा मागितला की म्हणायचे, "नको. इजा झाली तं मालक जबाबदार हाये." मला वाटायचं ते खरंच घाबरतात. ती त्यांची थट्टा होती, हे माझ्या ध्यानात यायला तीन सुट्ट्या लागल्या.

दहा वर्षांची असताना मी त्यांना विचारलं, की एवढा मोठा जोडा कशाला आणता, मला होत नाही.

"कागदात तसं हाये," ते म्हणाले. मग बरंच अंतर चालून गेल्यावर, माझ्याकडे न बघता, "कागदाबाहेरचं तुही माय घेईन का?"

मला उत्तर ठाऊक होतं. मी त्यांच्या पुढच्या पावलात पाऊल टाकलं.

आईनं मधल्या काळात धुळ्याला डी.एड. केलं. सकाळच्या गाडीनं जायची, संध्याकाळी यायची आणि चुलीपुढे बसून पाठ टाचणं काढायची. मग जिल्हा परिषदेच्या शाळेत लागली, आणि मी चौदा वर्षांची झाले त्या वर्षी कायम झाली. पेढे वाटले. पेढे वाटून झाल्यावर तिनं ट्रंकेतून चिठ्ठी काढली आणि जाहीर केलं, की यंदापासून त्यांचे दाणे बंद. सोडलं मी सगळं.

मी म्हटलं, "का?"

"नऊ साल मी त्या बाकडावर मान खाले घालीसन बसनू," ती म्हणाली. "अख्खा गाव देखस, पोती कोनी उतरस, कोनी चढस. आते एकदाव मान वर करीसन बसू दे."

हे ती ओरडून म्हणाली असती तर मी भांडले असते. ती हळू म्हणाली, म्हणून मला भांडता आलं नाही. पण चिठ्ठी गेली की सुट्टी गेली. दाणे, धोतर, घोंगडी यांच्या मागे लपून जे आठ दिवस दरवर्षी येत होते, ते आता कोण देणार होतं? वडील मागणार नाहीत आणि आई आपण होऊन देणार नाही, दोघांनाही मी चांगली ओळखत होते.

आईला सगळं रीतसर करायची हौस. ती मला घेऊन धुळ्याला एका वकिलाकडे गेली. वकिलांनी चष्मा लावला, चिठ्ठी वाचली, परत वाचली, आणि माझ्याकडे बघून विचारलं, "बाई, मुलगी कुठल्या शेतात कामाला होती?"

आईनं सगळी हकीकत सांगितली. वकील मधेच उठून पाणी पिऊन आले. मला वाटतं, हसायला गेले होते. परत येऊन गंभीरपणे म्हणाले, "हा पोटगीचा कागद नाहीच. हे घेऊन मी कोर्टात उभा राहिलो तर साहेब मला बैलांबद्दल विचारतील. आणि दुसरं, पोटगी तुमची नाही, मुलीची आहे. तिच्या वतीनं तुम्ही ती अशी सोडून देऊ शकत नाही. कागद असो वा नसो, बाप तो बाप, पोसायची जबाबदारी त्याच्यावर राहतेच. सोडायचं तर निदान तिला विचारा तरी."

गाडीत आई सोनगीर येईपर्यंत त्या वकिलाला बोल लावत होती. मला मात्र तो माणूस फार आवडला. मला विचारायला हवं, असं म्हणणारा तो पहिलाच.

आखाजीच्या दुसऱ्या दिवशी आम्ही पारोळ्याला गेलो. आई नवी साडी नेसून, मान वर करून बाकावर बसली. समोर वडील, नाना, दोन पोती आणि नववी घोंगडी. आबांनी खाकरून सांगितलं, की आमची पोर यंदापासून काही घेणार नाही. नानांना ते कळेचना. उभ्या आयुष्यात त्यांनी मालकानं सालदाराला काढलेलं पाहिलं होतं, सालदारानं मालकाला सोडलेलं पाहिलं होतं. पण दाणे दारात आणून दिल्यावर नको म्हणणारा सालदार त्यांनी पाहिला नव्हता. "कमी पडते का? वाढवू," ते म्हणाले.

वडील उभे राहिले. नऊ वर्षांत त्या दुकानापुढे ते उभे राहून काही बोललेले मी पाहिले नव्हते.

"दाने नही, कपडे नही, जोडा नही," ते आईकडे बघून म्हणाले, आबांकडे नाही. "मंग मी कोन हाये तिचा?"

आईनं आबांकडे पाहिलं. चहावाल्यानं पातेल्यातला डाव तसाच धरून ठेवला होता.

शेवटी आबांना वकिलाचं आठवलं. त्यांनी माझ्याकडे वळून विचारलं, "सालदार काय म्हनस?"

मी गाडीत पुष्कळ वाक्यं जुळवून ठेवली होती. दोघांनाही बरं वाटेल अशी. त्यातलं एक आठवेल तर शपथ. मी एवढंच म्हणाले, "मला दाणे नकोत. घोंगडी तर मुळीच नको. मला सुट्टी पाहिजे." आणि भर बाजारात, चौदा वर्षांची घोडी, भोकाड पसरून रडले.

आई माझ्यावर उसळली. "सुट्टी? सुट्टी सालदारले लागस. तू सालदार शे का?" संपलं, असं वाटलं. मग तिनं आबांच्या हातातून चिठ्ठी घेतली, चार तुकडे केले, आणि आवाज खाली आणून म्हणाली, "आंडेर शे तू त्यासनी. तुले वाटी तव्हय जाय."

आंडेर म्हणजे लेक. एवढं सोपं होतं ते, आणि ते म्हणायला तिला नऊ वर्षं लागली.

पण गंमत बघा. आता मला हवं तेव्हा जाता येत होतं, आणि मी त्या दिवशी गेले नाही. चिठ्ठीनं पाठवलं की मी आईला सोडून जातेय असं कुणी म्हणू शकत नव्हतं. आता माझं मीच जायचं होतं. आईनं नुकताच कागद फाडलेला, तुकडे अजून तिच्या मुठीत होते, आणि तिला एकटीला धुळ्याच्या गाडीत बसवायचं मला जमलं नाही. वडिलांनी मला काही विचारलं नाही. दोन्ही पोत्यांना आई हात लावीना आणि वडील परत नेईनात, म्हणून आबांनी एक आणि नानांनी एक घेतलं. आमची गाडी सुटली तेव्हा वडील काखेत घोंगडी धरून उभे होते. ते दिसेनासे होईपर्यंत मी मागच्या काचेतून बघितलं.

दिवाळीला गेले नाही. उन्हाळा लागला तरी गेले नाही. रोज वाटायचं, उद्या आईला सांगू. तिनं जा म्हटलं होतं आणि ती एकदा म्हटलेलं परत म्हणणाऱ्यांतली नव्हती. तिकडून बोलावणं येणार नव्हतं, कारण वडील बोलावणाऱ्यांतले नव्हते. मला दोघांचाही राग येत होता. दोघांचंही माझ्यात उतरलं होतं, म्हणून स्वतःचा जास्त.

होळीनंतर एका रविवारी आईनं मला वहीच्या कागदावर उभं केलं आणि माझ्या पावलाभोवती पेन्सिल फिरवली. शाळेत मापन शिकवायचंय, म्हणाली. मी गुदगुल्या होतात म्हणून हलले तर पोटरीवर फटका बसला.

आखाजीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ती म्हणाली, पारोळ्याला काम आहे. काय काम ते सांगितलं नाही. किल्ल्यासमोर आलो तर बाकावर वडील बसलेले, एकटे. नाना नाहीत, पोती नाहीत, घोंगडी नाही. मांडीवर वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी होतं. आई समोरच्या बाकावर बसली आणि किल्ल्याकडे बघू लागली, जसं काही किल्ला आजच बांधला होता.

वडिलांनी पुडकं सोडलं. लाल पट्ट्यांच्या चपला, बायकी, नाजूक. मी खाली बसून पायात सरकवल्या. बसल्या. अंगठ्याशी थोडी जागा राहिली, हवी तेवढीच.

"माप कसं कळलं?" मी विचारलं.

त्यांनी सदऱ्याच्या खिशातून घडी केलेला कागद काढून माझ्या हातात दिला. वहीचा कागद, त्यावर पेन्सिलीनं माझं पाऊल, करंगळीपाशी मी हलले होते तिथे वाकडं झालेलं. खाली आईचं फळ्यावरचं गोल अक्षर: 'अंगठ्याजवळ थोडी जागा ठेवा. पोरीचं पाऊल वाढतं आहे.'

मी आईकडे पाहिलं. तिचं किल्ल्याकडे बघणं चालूच होतं.

"चालून पाह्य," वडील म्हणाले.

दोन बाकांच्या मध्ये चार पावलांची जागा होती. मी वडिलांपासून आईपर्यंत चालत गेले, आईपासून परत वडिलांपर्यंत आले. आणखी दोनदा गेले-आले. चप्पल कुठेही चावली नाही.